खांद्याचे मोल
कामावर जायबंदी झालेल्या श्रमिकाच्या भरपाईचा इतिहास

आपल्या भाषेने खांद्याला फार मोठा मान दिला आहे. घरातील कर्ता पुरुष संसाराचे ओझे खांद्यावर घेतो. वडिलांच्या पश्चात जबाबदारी मुलाच्या खांद्यावर येते. संकटात सोबती खांद्याला खांदा लावून उभा राहतो. आणि शेवटच्या यात्रेतही माणसाला खांदाच दिला जातो. देवालयाच्या उत्सवात श्रींची पालखी निघते तेव्हा ती खांद्यावर घेण्याचा मान कोणाचा, यावरून गावोगावच्या मानकऱ्यांत चढाओढ लागते. परंतु ज्या माणसाचा खांदा हेच त्याचे भांडवल, तो खांदा रोजच्या कामात निकामी झाला तर त्याची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न आपल्या समाजाने, किंबहुना जगातील कोणत्याच समाजाने, फार उशिरापर्यंत विचारलाच नाही. त्या प्रश्नाचा आणि त्याला मिळालेल्या उत्तराचा इतिहास या लेखात मांडावयाचा आहे.

प्राचीन विचार अगदीच रिकामा नव्हता, हे प्रथम नमूद केले पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजसेवेत असताना मृत्यू पावलेल्या सेवकाच्या स्त्रीपुत्रांना अन्न व वेतन मिळावे अशी तरतूद आहे; आणि मजूर आजारी पडला किंवा संकटात सापडला, तर कराराने त्याला निर्दयपणे बांधून ठेवू नये, असाही विचार त्याच ग्रंथात आढळतो. परंतु पहिली तरतूद राजाच्या सेवकांपुरती होती आणि दुसरी कराराच्या बंधनापुरती. बाजारात ओझी वाहणाऱ्याचा हात मोडला तर धन्याने काय द्यावे, याचे ठरीव मोजमाप तेथे नाही. त्या काळी अशा माणसाला जातीचा, कुळाचा आणि देवळाच्या अन्नछत्राचा आधार असे. तो आधार खरा होता. परंतु तो दयेचा होता, हक्काचा नव्हता. दया आणि हक्क यांतील हे अंतर हाच या संपूर्ण इतिहासाचा गाभा होय.

आधुनिक इतिहासाचा आरंभ मात्र इंग्लंडातील एका निखळलेल्या खांद्यापासून करावा लागतो. ३० मे १८३५ रोजी पीटरबरो गावच्या एका खाटकाची मालाने प्रमाणाबाहेर लादलेली गाडी वाटेत मोडली, आणि तिच्यावरचा तरुण नोकर खाली फेकला गेला. त्याच्या मांडीचे हाड मोडले आणि खांदा निखळला. कित्येक आठवडे तो एका खाणावळीत अंथरुणाला खिळून होता. औषधोपचाराचा खर्च डोक्यावर बसल्यावर त्याने धन्यावर दावा लावला आणि ज्यूरीने त्याला शंभर पौंडांची भरपाई दिली. परंतु १८३७ मध्ये ‘प्रिस्टली विरुद्ध फाउलर’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या खटल्यात वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला. लॉर्ड ॲबिंजर यांचा युक्तिवाद असा की, असे दावे मान्य केले तर उद्या दासीने ओलसर अंथरूण घातले म्हणून आजारी पडलेला नोकरही धन्याकडे भरपाई मागेल! नोकरी धोक्याची वाटत असेल तर नोकराने ती नाकारावी. पत्करली, की तिच्यातील धोकाही त्याने पत्करला.

या एका निकालातून पुढे धन्याच्या बचावाचे तीन भक्कम तट उभे राहिले. पहिला तट असा की, अपघात सोबतच्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर धनी जबाबदार नाही. दुसरा, कामाचा धोका कामगाराला आधीच ठाऊक होता. तिसरा, अपघातात कामगाराची स्वतःचीही थोडी हयगय होती. गिरणीत, खाणीत अथवा गोदीत होणारा कोणता अपघात या तिहींतून सुटेल? आपल्याकडे ‘ज्याचे त्याचे कर्म’ म्हणून जायबंदी माणसाची बोळवण होत असे. इंग्लंडात तेच ‘ज्याचा त्याचा करार’ म्हणून होऊ लागले. शब्द निराळे, परिणाम एकच. सोबत्याच्या चुकीचा तो पहिला तट इंग्लंडात कायद्याने पुरता जमीनदोस्त होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे एकशे अकरा वर्षे लागली.

मध्यंतरी एक नवीन विचार पुढे आला होता. चूक कोणाची हे शोधीत बसण्याऐवजी, अपघात हा उद्योगाचाच एक खर्च मानावा. जसा कोळशाचा खर्च, जशी यंत्राची झीज, तशीच माणसाच्या शरीराची हानी. आणि तिचा भार ज्याला उद्योगाचा नफा मिळतो त्याने उचलावा. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत जुलै १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा झाला, तो याच विचारावर. इंग्लंडात जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. पोर्तुगालात असा पहिला कायदा जुलै १९१३ मध्ये झाला.

येथे मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बर्लिनमध्ये तो कायदा होऊन जेमतेम दोन महिने लोटले होते, तोच सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा भरवून हाच विचार आपल्या शब्दांत मांडला. त्यांचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशनचे संस्थापक अशी त्यांची ओळख आहे. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार झाले त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरीव तास आणि पगार वेळेवर, या मागण्या त्यात होत्या. आणि त्यांच्याच जोडीला आणखी एक होती. गिरणीत काम करताना गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ कामाला मुकला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था व्हावी.

कोकणातून, घाटावरून आलेली, बहुतांशी निरक्षर अशी ही माणसे. गिरणीतल्या फिरत्या पट्ट्यात हात सापडला, की तो खांद्यातून उखडला जाई. गासड्या वाहून खांदे उतरत. ज्याचा हात गेला तो गावी परत जाई आणि भावाबंदांच्या तुकड्यावर जगे. तथापि या माणसांनी भीक मागितली नाही. त्यांनी मागितली ती व्यवस्था. लोखंड्यांच्या चळवळीला १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टीचे फळ आले. परंतु भरपाईची मागणी १८९१ च्या फॅक्टरी कायद्यातही स्थान मिळवू शकली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोखंडे गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात भरपाईचा कायदा मंजूर झाला, हा काळाचा एक विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

हिंदुस्थानात तोवर १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा तेवढा होता. त्यान्वये मृताच्या वारसांना दावा लावता येई. पण चूक सिद्ध करावी लागे आणि दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. गिरणी कामगाराच्या विधवेला ते कसे झेपणार? पहिल्या महायुद्धानंतर वारे पालटले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना स्थापन झाली. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. आणि मुंबईत १९११ पासून सोशल सर्व्हिस लीगद्वारा गिरणगावात काम करणारे नारायण मल्हार जोशी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात श्रमिकांचे प्रतिनिधी म्हणून गेले. मार्च १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. लोखंड्यांच्या निवेदनाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

या कायद्याने चुकीचा प्रश्न बाजूला सारला. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला, एवढे पुरे. दिवाणी कोर्टाऐवजी खास आयुक्त नेमण्यात आला. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगाराकडून लिहून घेतला, तरी तो कायद्याने निरर्थक ठरविला. आणि कायद्याला एक परिशिष्ट जोडण्यात आले, ज्यात मनुष्यदेहाच्या अवयवांचे मोल शेकड्याने मांडलेले होते. ते कोष्टक वाचताना मन क्षणभर थबकते. उजवा हात कोपरापासून अथवा त्याच्या वर गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी शेकडा ७०. डावा गेल्यास शेकडा ६०. एक डोळा शेकडा ३०, अंगठा २५. पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार अथवा ३,५०० रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम. म्हणजे महिना वीस रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे पूर्ण अपंगत्व ८४० रुपयांचे. त्याचा उजवा हात ५८८ रुपयांचा आणि डावा ५०४ रुपयांचा. तात्पुरत्या दुखापतीत पहिल्या दहा दिवसांची भरपाई मिळत नसे. व्हिटली कमिशनच्या शिफारशींनंतर १९३३ मध्ये ही मुदत सात दिवसांवर आणि १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली.

माणसाच्या हाताला किंमत लावणे कित्येकांना अमंगळ वाटेल. परंतु विचार केल्यास उलट दिसते. किंमत नव्हती तेव्हा हात फुकट जात होता. त्या रूक्ष कोष्टकाने प्रथमच असे जाहीर केले की, हमालाचाही हात ही एक मालमत्ता आहे आणि ती हिरावली गेल्यास कोणीतरी देणे लागतो.

त्या पहिल्या कोष्टकात खांद्याचे स्वतंत्र नाव नव्हते. ते आले १९६२ च्या दुरुस्तीने. डाव्या-उजव्याचा भेद गेला, आणि खांद्याच्या सांध्यातून हात काढावा लागल्यास हानी शेकडा ९० धरली गेली. खांद्याच्या टोकापासून आठ इंचांहून कमी लांबीचा खुंट उरल्यास शेकडा ८०. त्याखाली, कोपराच्या आसपासपर्यंत, शेकडा ७०. अवयव जागेवर असूनही त्याचा उपयोग कायमचा व पूर्णपणे गेला असेल, तर तो गमावल्यासारखाच मानावा, अशी टीपही त्याला जोडलेली आहे.

परंतु खांद्याचे दुखणे नेहमी असे तुटून समोर येत नाही. खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. दंडाच्या हाडाचा गोल माथा एका उथळ बशीवर टेकलेला असतो, आणि चार लहान स्नायूंच्या पट्ट्यांनी तो जागी धरलेला असतो. या मोकळेपणामुळेच आपण हात सर्व दिशांना फिरवू शकतो, आणि याच मोकळेपणामुळे सांधा लवकर निखळतो, पट्ट्या झिजतात व फाटतात. एका दिवशी पोते उचलताना कळ आली, की ती त्या दिवसाची, की मागल्या वीस वर्षांची? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९०३ मध्ये जवळपास असाच प्रश्न आला होता. यंत्राचे चाक जोराने फिरविताना एका कामगाराचे अंग आतून फाटले. बाहेरून काही आदळले नव्हते. तरीही न ठरविता, न अपेक्षिता झालेली हानी म्हणजे अपघातच, असा निर्णय ‘फेंटन विरुद्ध थॉर्ली’ या खटल्यात झाला. कष्टाच्या भाराने झालेली इजा भरपाईस पात्र ठरण्याचे दार त्याने उघडले.

हळूहळू होणाऱ्या झिजेला मात्र ते दार अजून अरुंदच आहे. व्यवसायजन्य रोगांची जी यादी भारतीय कायद्याला जोडलेली होती, तीत शिशाची विषबाधा आहे, फुफ्फुसात साठणारी धूळ आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे. ओझ्याने झिजलेल्या खांद्याचे नाव तीत नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१० च्या यादीत मनगट, कोपर व गुडघा यांचे विकार नावानिशी आले आहेत. खांद्याचा उल्लेख तेथेही स्वतंत्र नाही. म्हणून ठराविक दिवशी, ठराविक कामावर इजा झाली, एवढे तरी दाखविणे भाग पडते. परिशिष्टात न बसणाऱ्या दुखापतीत कमाईची शक्ती किती घटली हे डॉक्टरांनी ठरवावे, असे १९८४ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. जखडलेल्या खांद्याचा न्याय आज बहुतांशी याच वाटेने होतो.

शेकड्याचे कोष्टक हा शेवटचा शब्द नव्हे, हेही न्यायालयाने दाखविले आहे. ओरिसातील एका सुताराचा डावा हात १९६८ मधील अपघातानंतर कोपराच्या वरून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही हानी अंशतः ठरली असती. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही. तेव्हा त्या माणसापुरती ही हानी पूर्ण होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात कायम केला. त्याच निकालात आणखी एक तत्त्व आले: भरपाईचे देणे आयुक्ताच्या हुकुमापासून नव्हे, तर इजा झाली त्याच क्षणापासून लागू होते.

आता प्रश्न उरतो तो ज्याला धनीच सापडत नाही, अशा माणसाचा. बाजारातला हमाल सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवितो, दुपारी दुसऱ्याची आणि सायंकाळी तिसऱ्याची. खांदा तिसऱ्याच्या दारात उतरला. पण तो झिजला सर्वांच्या दारात. प्रत्येक जण म्हणतो, ‘हा आमचा नोकर नव्हे.’ १९२३ च्या कायद्याची मदार धनी-नोकर या नात्यावर असल्याने बाजारपेठांतील हमाल त्याच्या छायेत प्रायः आलेच नाहीत. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी या माणसांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची युक्ती साधी, पण विलक्षण आहे. व्यापारी आणि हमाल दोघांनीही मंडळाकडे नाव नोंदवावे. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरावा. मंडळाने त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार पाहावे. आणि नोंदणीकृत हमालास नुकसानभरपाईच्या कायद्यापुरता कामगार समजावे. ज्याला एक धनी नव्हता त्याच्यामागे अशा रीतीने साऱ्या बाजाराला उभे करण्यात आले.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या वस्त्यांचा इतिहास याहून वेगळ्या वळणाने गेला. १९२३ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील गिरण्यांत काम करणारा मराठी मजूर संस्थानच्या हद्दीत होता. तेथे दरबारचा कायदा तोच कायदा. संस्थाने विलीन झाल्यावर हे भेद मिटले. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्यानंतर भारतीय कायदे तेथे क्रमाने लागू झाले. दरम्यान प्रा. आदारकर यांच्या १९४४ च्या अहवालावरून १९४८ मध्ये राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला. तिच्या कक्षेतील कामगाराला धन्याशी झगडावे न लागता विमा महामंडळाकडून लाभ मिळू लागला.

मूळ कायद्याचे नाव २००९ च्या दुरुस्तीने बदलून त्यात ‘कामगारा’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. हिशेबाची मूळ चौकट मात्र तीच राहिली आहे. पूर्ण कायम अपंगत्वास मासिक वेतनाच्या शेकडा ६० ला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. चाळीस वर्षांच्या माणसास हा अंक १८४.१७ आहे. महिना १०,००० रुपये मिळविणाऱ्या अशा माणसाचे पूर्ण अपंगत्व ११,०५,०२० रुपयांचे ठरते. खांद्यातून हात गेल्यास त्याच्या शेकडा ९०, म्हणजे ९,९४,५१८ रुपये. आणि खांदा जखडून कमाईची शक्ती शेकडा २० घटली असे ठरल्यास २,२१,००४ रुपये.

हा सारा इतिहास देवालयांशी संबंध असलेल्या वाचकांपुढे का मांडावा, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आपली देवस्थाने आज केवळ उपासनेची स्थाने नाहीत. ती श्रमिकांना काम देणारी स्थानेही आहेत. शिखराची दुरुस्ती होते, सभामंडपाचे छप्पर बदलते, जत्रेचे मांडव उभे राहतात, अन्नसंतर्पणासाठी तांदळाची पोती चढतात-उतरतात. कायद्याच्या दृष्टीने धनी म्हणजे कारखानदारच असे नाही. नोंदलेला असो वा नसो, कोणताही व्यक्तिसमूह धनी होऊ शकतो, ही व्याख्या प्रारंभापासून आहे. एकाहून अधिक मजल्यांची किंवा छपराच्या टोकापर्यंत बारा फूट अथवा अधिक उंचीची इमारत बांधणे, दुरुस्त करणे वा पाडणे हे काम कायद्याच्या यादीत स्पष्टपणे आलेले आहे. आणि नैमित्तिक कामावरचा मजूर भरपाईतून वगळणारे शब्द २००० च्या दुरुस्तीने काढून टाकले आहेत. म्हणजे दहा दिवसांसाठी परातीवर बोलाविलेला गवंड्याचा हाताखालचा माणूसही आता ‘आमचा नव्हे’ म्हणून सहजासहजी टाळता येणार नाही.

आपल्या समित्या दानशूर आहेत. पराती उतरवून घेताना कोणी पडला, तर वर्गणी जमवून त्याच्या घरी रक्कम पोहोचविणारी माणसे आपल्यांत आहेत, आणि त्यांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु त्या दानाची पावती फाडली जाते तेव्हा घेणाऱ्याची मान खाली असते. हक्काची रक्कम घेताना तसे होत नाही. काम सुरू करण्यापूर्वी मजुरांची नावे व वेतन वहीत लिहिणे, कंत्राटदाराकडे विमा आहे की नाही हे पाहणे, नसल्यास तो समितीने उतरविणे, अपघात झाल्यास त्याच दिवशी लेखी नोंद करून डॉक्टरांचा दाखला घेणे, या चार गोष्टींना फार खर्च लागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. तेव्हा क्विंटलचे पोते एकाच पाठीवर न चढविता दोन पोत्यांत मागविणे, ही पाचवी गोष्ट.

१८८४ मध्ये सह्या करणाऱ्या त्या साडेपाच हजार कामगारांनी मागितले होते ते याहून फारसे निराळे नव्हते. देवळाचा कळस चढतो तो प्रथम कोणाच्या तरी खांद्यावरून चढतो. त्या खांद्याचा हिशेब समितीच्या वहीत, देणग्यांच्या पानावर नव्हे तर देण्याच्या पानावर, लिहिलेला असावा, इतकीच या इतिहासाची आपल्याकडून अपेक्षा आहे.